घाटाखालचं येणं-जाणं

१९५५ साली सौंसरचा एखादा मॅट्रिक झालेला मुलगा नॅरोगेजच्या गाडीत बसून नागपूरला सचिवालयात कारकुनी करायला गेला असेल, तर त्यानं कुठलीही सीमा ओलांडली नव्हती. तो मध्यप्रदेशातून मध्यप्रदेशात गेला होता. नागपूर ही त्याच्याच राज्याची राजधानी होती. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, तो महालातल्या भाड्याच्या खोलीत झोपलेला असताना त्याची खोली मुंबई राज्यात गेली आणि त्याचं गाव मध्यप्रदेशात राहिलं. १९६१ ची जनगणना झाली तोवर खोली महाराष्ट्रात आली होती. जन्मस्थानाच्या प्रश्नाचं त्यानं खरं उत्तर दिलं आणि तो आंतरराज्य स्थलांतरित ठरला. प्रवास त्यानं एकच केला होता, तोही सत्तरेक किलोमीटरचा.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात स्थलांतराची व्याख्या साधी असते: माणसानं आपलं राहण्याचं ठिकाण कायमचं किंवा दीर्घ काळासाठी बदलणं, आणि ते बदलताना एखादी प्रशासकीय हद्द ओलांडणं. परीक्षेत मुलं पहिला भाग लिहितात आणि दुसरा विसरतात. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला मात्र दुसराच भाग जन्मभर पुरतो. इथं माणसं जेवढी हलली, त्याहून अधिक हद्दी हलल्या आहेत.

हा मुलूख नकाशावर शोधायचा तर सावनेरला यावं लागतं. नागपूरहून उत्तरेला निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा सौंसरवरून घाट चढून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई, बैतूल करत भोपाळकडे. दोन्ही रस्त्यांवर राज्याची हद्द लागते, पण जमीन बदलत नाही. तीच काळी माती, तोच कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. पाट्यांवरची भाषा तेवढी हिंदी होते. जमीन खरी बदलते ती पुढे, सातपुड्याचा चढ लागल्यावर. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग सांगितले आहेत: घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा जेरघाट. सौंसर तहसील म्हणजे जेरघाट, आणि पांढुर्णा तेव्हा त्याच तहसिलीत होतं. पाणी, पीक, बाजार, सोयरीक आणि बोली या सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे, नागपूरच्या मैदानाकडे. कचेरी तेवढी घाटावर.

हा मुलूख भरलाही येणाऱ्यांनीच. मुळात ही गोंडांची भूमी. देवगडचं राज्य इथलंच. सतराव्या शतकाच्या अखेरीस देवगडच्या गादीवर आलेल्या बख्त बुलंद शाहानं दिल्ली पाहिली होती. परत आल्यावर त्यानं आपल्या रानात शेतकरी आणि कारागीर बोलावून वसवले, आणि १७०२ च्या सुमारास नागपूरचा पाया घातला. पुढे भोसल्यांचं राज्य आलं आणि मराठी बोलणाऱ्या कुणबी, माळी, तेली, कोष्टी कुटुंबांचा ओघ वाढला. उत्तरेकडूनही लोक येत होते. भोयर पवार सांगतात की त्यांचे पूर्वज माळव्यातल्या धारानगरीहून निघाले, नर्मदा ओलांडून बैतूल-मुलताईकडे आले आणि तिथून खाली उतरले. वंशकथा कुणीही मोठी करून सांगतं, म्हणून तिच्यावर विसंबायचं कारण नाही. पण ग्रिअर्सननं आपल्या भाषा-सर्वेक्षणात छिंदवाड्याकडची भोयरी बोली माळवीच्या घरात बसवली आहे. रसेल आणि हिरालाल यांनीही १९१६ च्या आपल्या ग्रंथात या समाजाची नोंद करताना बैतूल आणि छिंदवाडा हेच जिल्हे पुढे ठेवले. म्हणजे एकाच गावच्या शिवारात एका धुऱ्याला दक्षिणेहून चढत आलेला शेतकरी आणि दुसऱ्या धुऱ्याला उत्तरेहून उतरलेला. दोघंही आज स्वतःला इथलेच म्हणतात, आणि ते बरोबर आहे. किती पिढ्यांनंतर स्थलांतरिताचा स्थानिक होतो, याचं मोजमाप भूगोलानं दिलेलं नाही. राजकारण ते सोयीप्रमाणं देत असतं.

मग १९५६ साली हा मराठी तुकडा तिकडे कसा राहिला? फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ च्या अहवालात मध्यप्रदेशातल्या आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा. राज्य झालं नाही, पण ते आठ जिल्हे उचलून मुंबई राज्याला जोडले गेले. हिशेब जिल्ह्यांचा होता. छिंदवाडा जिल्हा एकूण धरला तर हिंदी आणि गोंडी बोलणारा, म्हणून तो जागेवर राहिला, आणि त्याच्या पोटात असलेली सौंसर तहसील त्याच्याबरोबर राहिली. तहसील हे माप धरलं असतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. गाव धरलं असतं तर आणखी वेगळा. बेळगावच्या वादात गाव हा घटक मानावा म्हणून महाराष्ट्रानं कित्येक वर्षं घसा कोरडा केला. पांढुर्ण्यासाठी तेवढा आवाज कुणी उठवला नाही. मला त्याचं मोठं कारण दिसतं ते असं की इथल्या माणसाचं नागपूरला जाणं कुणी अडवलंच नाही. सीमा आली, पण बस चालू राहिली.

जगात असं अनेक ठिकाणी झालं आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला, तेव्हा रशियात जन्मून युक्रेनमध्ये किंवा कझाकस्तानात नोकरीला गेलेले लक्षावधी लोक एका रात्रीत आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांच्या आकड्यात जाऊन बसले. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात त्या सुमारास जी उसळी दिसते, तिच्यातला मोठा वाटा घरात बसून राहिलेल्या माणसांचा आहे.

स्थलांतराचे नियम म्हणून जे आज शिकवले जातात, ते मांडणारा अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाईन हा जन्मानं जर्मन, धंद्यानं नकाशाकार आणि वस्तीनं लंडनकर. म्हणजे स्वतःच स्थलांतरित. ब्रिटनच्या जनगणनेतल्या जन्मस्थानांच्या नोंदी चाळून त्यानं १८८५ साली एक निबंध वाचला. बहुतेक माणसं जवळच जातात. लांब जाणारी मोठ्या शहरांकडे जातात. माणसं टप्प्याटप्प्यानं सरकतात आणि त्यांनी रिकामी केलेली जागा आणखी दूरचे येऊन भरतात. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक हलतात.

हा शेवटचा नियम पांढुर्ण्याला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, तेव्हा इथं जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं आणि गोटमार सुरू होते. पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याच्या टोकाला झेंडा. तो तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायचा आणि न्यायला निघालेल्यावर समोरच्यांनी दगड चालवायचे. दरवर्षी शेकडो माणसं रक्तबंबाळ होतात. जीवही गेले आहेत. प्रशासनानं गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते बाजूला टाकून गोटेच उचलले. मागची सांगितली जाणारी कथा अशी: पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, सावरगावकरांनी दगड मारले, पांढुर्णेकरांनी त्यांना उत्तर दिलं आणि दोघं पात्रातच मेली. प्रथेबद्दल माझं मत चांगलं नाही. माणसं आंधळी-पांगळी करणाऱ्या गोष्टीला परंपरा म्हणून हात जोडावेत असं मला वाटत नाही. पण कथेत दडलेला भूगोल पक्का आहे. ती मुलगी पोचली असती तर जनगणनेनं तिची नोंद अशी केली असती: मागील निवास, सावरगाव, कारण, विवाह. मधे एक नदी.

२०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित नोंदले गेले, आणि त्यांत दर तिघांमागे दोन स्त्रिया होत्या. बहुतेक जणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेटी घेऊन मुंबईला उतरलेला पुरुष येतो; आकडा मात्र नव्या घरी निघालेल्या नवरीचा असतो. त्याच जनगणनेत राज्याबाहेरून आलेले साडेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे एकूण स्थलांतरितांच्या आठव्या हिश्श्याएवढे. उरलेले बहुतेक सगळे आपापल्या राज्यातच फिरलेले.

पांढुर्ण्यात ही विभागणी उलटीपालटी होते. इथल्या सोयरिकी नरखेड, काटोल, वरूड, सावनेरकडे. नरखेडची मुलगी पांढुर्ण्यात दिली तर ती आंतरराज्य स्थलांतरित. पांढुर्ण्याची मुलगी त्याच्या कितीतरी पट अंतरावर ग्वाल्हेरला दिली तर ती राज्यांतर्गत. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पांढुर्ण्यातली सून नरखेडला माहेरी जाऊन बाळंत झाली आणि सव्वा महिन्यानं बाळ घेऊन सासरी आली, की जन्मस्थानाच्या हिशेबानं ते बाळ परराज्यातून आलेलं ठरतं. नागपूरच्या दवाखान्यात जन्मलेल्या सौंसरच्या पोरांचंही तेच. जनगणनावाल्यांना ही अडचण ठाऊक आहे, म्हणून २००१ पासून कारणांच्या यादीत ‘जन्मानंतर हलवले’ असा वेगळा रकाना आला. जन्मस्थानाच्या जोडीला मागचं निवासस्थान विचारायची सुरुवात त्याआधीच, १९७१ मध्ये झाली, आणि का आलात हे विचारायला १९८१ उजाडलं.

सीमेपलीकडे दिलेल्या लेकींना कागद मात्र सोडत नाहीत. मध्यप्रदेशानं २०२३ मध्ये लाडली बहना योजना आणली, महाराष्ट्रानं २०२४ मध्ये माझी लाडकी बहीण. दोघी सख्ख्या बहिणी, एक पांढुर्ण्यात दिलेली आणि एक नरखेडात, आता दोन वेगळ्या सरकारांच्या लाडक्या झाल्या. महाराष्ट्राची योजना सुरू झाली तेव्हा परराज्यात जन्मलेल्या सुनांचं काय, हा प्रश्न लगेच आला. मग नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल अशी दुरुस्ती शासनाला करावी लागली. पांढुर्ण्याहून नरखेडात आलेल्या बाईचं गाव या दुरुस्तीत कुठं लिहिलेलं नसलं, तरी दुरुस्ती तिच्यासारखीसाठीच आहे.

टप्प्याटप्प्यानं सरकण्याचा नियम पाहायचा तर खेड्यातल्या एखाद्या घराच्या तीन पिढ्या घ्याव्या. आजा शिवारातल्या खेड्यात. बाप शिक्षक किंवा दुकानदार होऊन पांढुर्ण्याच्या वॉर्डात घर बांधतो. पोरगा अकरावी-बारावीला नागपुरात मामाकडे किंवा होस्टेलवर, आणि इंजिनीअर झाला की पुणे नाहीतर हैदराबाद. पहिला गेलेला दुसऱ्याला खोली दाखवतो, दुसरा तिसऱ्याला नोकरी. भूगोल याला साखळी स्थलांतर म्हणतो. नात्यातला एक जण आधी गेलेला असला की अंतराची भीती निम्म्यानं कमी होते.

पण सगळेच जात नाहीत. इथला खास शब्द आहे ‘अप-डाउन’. ‘तो काय करते?’ ‘नागपूरले अप-डाउन करते.’ पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या रेल्वेमार्गावर आहे. सकाळची गाडी पकडायची, संध्याकाळी परत. नोकरदार, विद्यार्थी, कापडवाले, डॉक्टरकडे निघालेले म्हातारे-कोतारे असे सगळे त्यात. सौंसरकडची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हा ब्रॉडगेज येईपर्यंतची वर्षं त्या बाजूच्या लोकांनी बस आणि जीपवर काढली. विल्बर झेलिन्स्कीनं १९७१ साली मांडलं होतं की समाज जसजसा पुढं जातो तसतसं स्थलांतराच्या काही भागाची जागा रोजची ये-जा घेते. वाहन आलं की बिऱ्हाड हलवावं लागत नाही. अप-डाउनवाला रोज राज्याची हद्द दोनदा ओलांडतो आणि तरीही स्थलांतराच्या तक्त्यात तो नसतो, कारण झोपायला तो घरी असतो.

याच तक्त्यात न सापडणारा दुसरा माणूस घाटावरून उतरतो. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी आणि कापसाची वेचणी जवळपास एकाच हंगामात येतात. गावातली तरुण पोरं नागपूर-पुण्याकडे सरकलेली, उरलेल्यांना बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात काम. मग तोडणीला, वेचणीला हात कुठले? ते येतात घाटावरून आणि बैतूलकडून: गोंड, कोरकू कुटुंबं, लेकराबाळांसकट. रॅव्हेनस्टाईनचा रिकाम्या जागेचा नियम इथं डोळ्यांनी दिसतो. पोरगा पुण्याला गेला म्हणून सौंसरच्या बागेत जागा झाली, आणि ती भरायला घाटावरचा माणूस उतरला. त्यातले काही पुढं काटोल, वरूड, अमरावतीपर्यंत जातात, काही नागपूरच्या ठिय्यावर उभे राहून बांधकामाला लागतात. वेचणी किलोच्या भावानं, राहणं शेतातल्या खोपीत, उचल आधीच घेतलेली. मुलांची शाळा तेवढे दिवस बुडते.

जनगणना त्यांना मोजत नाही, कारण बिऱ्हाड गावीच असतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं २००७-०८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी व्याख्या केली: कामासाठी वर्षातून महिनाभर ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ घराबाहेर राहिलेला. पंचवीस दिवसांची तोडणी करून परतलेला त्यातूनही सुटतो.

कायद्याची गंमत याहून वरची. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. परराज्यातले पाच किंवा अधिक मजूर ठेकेदारामार्फत आणले तर नोंदणी, प्रवासभत्ता, राहण्याची सोय अशी कलमं त्यात होती. सौंसरच्या शिवारातून पन्नासेक किलोमीटरवर महाराष्ट्रात ठेकेदारानं नेलेला मजूर या कायद्याच्या छत्राखाली यायचा, निदान कागदावर. तामियाच्या डोंगरातून घाट उतरून सौंसरला आलेला मजूर त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर येऊनही त्याबाहेर, कारण राज्य बदललं नाही. त्याची भाषा बदलली, हवा बदलली, मालक बदलला. कायद्याच्या लेखी तो घरीच होता.

१९६६ साली एव्हरेट ली या अभ्यासकानं ढकलणारी आणि ओढणारी कारणं यांच्या जोडीला तिसरी गोष्ट मांडली: मधले अडथळे. पुस्तकात अडथळा म्हणून डोंगर, समुद्र, प्रवासखर्च अशी उदाहरणं देतात. पांढुर्णा आणि नागपूर यांच्या मधे यांतलं काहीच नाही. अडथळा आहे तो जातीच्या दाखल्याचा.

अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली सांगितलं की एका राज्यातला दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. तर्क समजण्यासारखा आहे: मागासलेपण ठिकाणाशी बांधलेलं असतं, जागा बदलली की तुलना बदलते. पण ज्याच्या बाबतीत जागेऐवजी हद्दच बदलली, त्याचं काय? हा प्रश्न न्यायालयापुढे गेला तो पांढुर्ण्याच्याच माणसाच्या रूपानं. हलबा जमातीचा, मूळचा पांढुर्ण्याचा, महाराष्ट्रात नोकरीला लागलेला कर्मचारी. त्याच्या दाखल्यावर आक्षेप आला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं १९९० चा नियम मोडला नाही, पण तो इथं जसाच्या तसा लावायलाही घाई केली नाही. पांढुर्णा आणि चंद्रपूरकडचा मुलूख एके काळी एकाच प्रदेशात होते, १९५० च्या मूळ आदेशात त्या प्रदेशातल्या हलबांना एकच संरक्षण असू शकतं, तेव्हा पुनर्रचनेनं प्रदेश दुभंगल्यावर ते टिकतं का, हे खोलात जाऊन तपासायला हवं, असं न्यायालयानं म्हटलं आणि प्रकरण पडताळणीसाठी परत पाठवलं. स्थलांतराच्या वाङ्मयात हे निकालपत्र फारसं कुणी वाचत नाही. मला ते पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा शहाणं वाटतं, कारण माणूस हलला की जमीन, हा प्रश्न त्यात निदान विचारला गेला आहे.

जमीन हलायची थांबलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घाटाखालचा जेरघाट पहिल्यांदाच स्वतःच्या कचेरीचा धनी झाला. कलेक्टरसाठी घाट चढायची गरज संपली. पांढुर्ण्याहून छिंदवाडा नव्वदेक किलोमीटर, नागपूरही साधारण तेवढंच. त्यामुळे हा जिल्हा पन्नास वर्षं आधी झाला असता तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. सौंसरकरांची मात्र कुरकुर आहेच: तहसील जुनी आमची, नाव पांढुर्ण्याचं.

आता जनगणना येते आहे. गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७. प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या, म्हणजे पांढुर्णा जिल्हा पहिल्यांदाच स्वतंत्र मोजला जाईल. प्रगणकाला जन्मस्थानाचा जिल्हा आजच्या नावानं लिहायचा असतो. वीस वर्षांपूर्वी सौंसरहून छिंदवाड्याला लग्न होऊन गेलेली बाई २०११ मध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हललेली होती. या वेळी ती दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली ठरेल. २०११ आणि २०२७ चे तक्ते शेजारी ठेवून कुणी अभ्यासक छिंदवाड्याकडे जिल्ह्याबाहेरचं स्थलांतर वाढल्याचा आलेख काढेल, त्याला कारणंही सापडतील: रस्ते झाले, शिक्षण वाढलं, कोळसा खाणी, बाजारपेठ. प्रबंध पूर्ण होईल. छिंदवाड्याच्या घरात ती बाई मात्र वीस वर्षांपासून त्याच चुलीपुढे असेल, आणि दिवाळीला भाऊ घ्यायला आला की नव्या जिल्ह्यातल्या माहेरी निघेल.